सात पुस्तकांचं अंतर

बाबा गेल्यानंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी आई मला म्हणाली, "त्यांच्यासाठी मिस्सा ठेवायची आहे. फादरांशी बोलून ये." समोर काका बसले होते. त्यांनी हातातलं बायबल मिटलं.

"वहिनी, दादांसाठी आपण देवाचे उपकार मानू. हवी तेवढी गीतं गाऊ. पण त्यांच्या आत्म्यासाठी आता प्रार्थना कशाला? ते प्रभूजवळ पोचले. जे वचनात नाही ते दादांनी जन्मभर केलं नाही, मग त्यांच्या नावानं आपण कसं करायचं?"

आई कॅथलिक, बाबा प्रोटेस्टंट. बेचाळीस वर्षांचा संसार. रविवारी सकाळी दोघं बरोबर घराबाहेर पडत आणि कोपऱ्यावर वेगळी होत. ती मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनाविधीला, ते आपल्या उपासनेला. ती ज्याला ख्रिस्तसभा म्हणते त्याला ते मंडळी म्हणत. तिचे फादर, त्यांचे पाळकसाहेब. इतक्या वर्षांत या फरकाची घरात कुणाला ठेच लागली नव्हती. त्या संध्याकाळी लागली.

आई आत जाऊन तिचं बायबल घेऊन आली. मक्काबींचं दुसरं पुस्तक, बारावा अध्याय. यहूदा मक्काबीचे काही सैनिक लढाईत पडतात. त्यांना पुरायला साथीदार येतात तेव्हा प्रत्येकाच्या अंगरख्याखाली परक्या दैवतांचे ताईत सापडतात, यहुद्यांना नियमशास्त्रानं मनाई केलेले. यहूदा त्यांना टाकून देत नाही. तो सगळ्यांकडून चांदी गोळा करतो आणि मेलेल्यांच्या पापासाठी अर्पण करावं म्हणून ती जेरुसलेमला पाठवतो. आईनं हे मोठ्यानं वाचलं. मेलेल्यांची पापातून सुटका व्हावी, या शब्दांपाशी तिचा आवाज फुटला.

"वहिनी, हे पुस्तक बायबलात नाही."

"माझ्या बायबलात आहे."

"ते नंतर घातलंय."

"घातलं नाही, भाऊजी. तुमच्या लोकांनी काढलं."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. दोन्हीकडची वाढलेली मी, दोन्हीकडचं ऐकलेली. मला काही बोलता आलं नाही. बाबांना जाऊन चार दिवस झाले होते, आणि त्यांच्यासाठी हात जोडायचे की नाही हे एका पुस्तकाच्या पानसंख्येवर येऊन ठेपलं होतं. तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे आहे. वाचत गेले तसतसं कळलं की त्या दोघांचा वाद फार जुना होता.

१५१९ च्या जुलैत, जर्मनीतल्या लाइपझिगला प्रोटेस्टंट चळवळ ज्याच्यापासून सुरू झाली तो मार्टिन ल्यूथर आणि योहान एक्क समोरासमोर उभे राहिले. एक्क म्हणजे रोमच्या बाजूचा मुरलेला वादपटू. शुद्धिस्थान, म्हणजे मेलेल्यांचे आत्मे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होतात ती अवस्था, आहे, मृतांसाठी प्रार्थना करावी, याला शास्त्राचा आधार म्हणून त्यानं मक्काबींचा हाच बारावा अध्याय पुढे केला. ल्यूथरनं उत्तर दिलं की ते पुस्तक प्रमाणग्रंथांत मोडत नाही, त्यामुळे ते कुणाला बांधू शकत नाही. माझ्या काकांचंच वाक्य.

पण त्या वादातला खरा निर्णायक क्षण वेगळाच होता. एक्कनं ल्यूथरला बोहेमियातला जुना सुधारक यान हुस याचं नाव घ्यायला भाग पाडलं. हुसला कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेनं पाखंडी ठरवलं आणि १४१५ मध्ये त्याला जिवंत जाळण्यात आलं. हुसच्या दोषी ठरवलेल्या मतांतली काही अस्सल ख्रिस्ती आहेत, असं ल्यूथर बोलून गेला. म्हणजे धर्मपरिषद चुकू शकते? हो, चुकू शकते. हे उच्चारलं गेलं आणि परतीची वाट बंद झाली. पोप चुकू शकतो, परिषद चुकू शकते, तर मग न चुकणारं राहिलं काय? शास्त्र. फक्त शास्त्र. लॅटिनमध्ये 'सोला स्क्रिप्तुरा'.

मग खरंच काय झालं त्या सात पुस्तकांचं? कोणी घातली, कोणी काढली? आईच्या बायबलात ७३ पुस्तकं, बाबांच्या बायबलात ६६. अंतर सातांचं: तोबित, युदिथ, मक्काबींची दोन, शलमोनाचं ज्ञान, सिराख, बारूख. शिवाय एस्तेर आणि दानीएल यांतले काही भाग. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक जुना करार बहुतेक ग्रीक भाषांतरातून वाचत, आणि त्या ग्रीक संग्रहात ही पुस्तकं वाचली जात होती. यहुद्यांच्या हिब्रू संग्रहात ती नव्हती. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम हा विद्वान बायबलाच्या लॅटिन भाषांतराला बसला तेव्हा त्यानं स्पष्ट सांगितलं की बोधासाठी ही वाचावीत, सिद्धान्त मात्र त्यांच्यावर उभा करू नये. त्याच काळात उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन दुसऱ्या बाजूला होता, आणि ३९३ ची हिप्पोची नि ३९७ ची कार्थेजची परिषद यांनी आपल्या याद्यांत ही पुस्तकं धरली. पुढची हजारेक वर्षं दोन्ही मतं एकाच ख्रिस्तसभेत नांदली. ल्यूथरची चौकशी करायला रोमनं पाठवलेला कार्डिनल कायेतान, तोसुद्धा या बाबतीत जेरोमच्या बाजूचा होता. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या त्रेंत इथल्या परिषदेनं ८ एप्रिल १५४६ रोजी यादी कायमची बंद केली, तेव्हा कुठे कॅथलिकांपुरता प्रश्न मिटला.

आणि ल्यूथरनं तरी ती फेकून दिली का? नाही. त्याच्या १५३४ च्या जर्मन बायबलात ती आहेत, दोन करारांच्या मधोमध, वेगळ्या मथळ्याखाली: पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत, तरीही वाचायला उपयोगी आणि चांगली. इंग्लंडच्या १६११ च्या प्रसिद्ध भाषांतरातही ती होती. ती छापलीच जाऊ नयेत असा मोठा निर्णय त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला. १८२६ मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीनं ठरवलं की या पुस्तकांच्या छपाईवर आपला पैसा खर्च करायचा नाही. जगभर स्वस्त बायबलं पोचवणारी ही संस्था. तिनं वाटलेली बायबलं ज्यांच्या हाती पडली त्यांना सात पुस्तकं कधी दिसलीच नाहीत. म्हणजे बाबांच्या बायबलाची जाडी जशी ल्यूथरच्या विटेनबर्गच्या मठात ठरली तशीच काही अंशी एका समितीच्या बैठकीतही ठरली. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत.

त्यांचा ताठरपणा मला मात्र आता पूर्वीइतका खुपत नाही. ही सगळी ठिणगी पडली कशावरून? मेलेल्यांवरूनच. १५१७ मध्ये योहान टेट्झेल नावाचा डॉमिनिकन साधू पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं विकत फिरत होता. पैसे भरा, शुद्धिस्थानातला तुमचा आप्त सुटेल. तो पैसा रोमच्या सेंट पीटरच्या बांधकामाला आणि एका आर्चबिशपच्या कर्जफेडीला जात होता. आई गेलेला मुलगा, मूल गेलेली बाई, ज्यांचं दुःख अजून ओलं आहे अशा माणसांच्या भीतीवर ही वसुली चालली होती. "हे कुठं लिहिलंय ते दाखवा" हे वाक्य तेव्हा गरिबाच्या हातातलं एकमेव हत्यार होतं. काका जेव्हा म्हणतात की जे वचनात नाही ते करायचं नाही, तेव्हा त्यामागे ही जुनी जखम आहे. ती मी विसरणार नाही.

१५२१ च्या एप्रिलमध्ये वोर्म्स शहरात सम्राटासमोर ल्यूथरला विचारलं, ही पुस्तकं तूच लिहिलीस ना, त्यांतली मतं मागे घेतोस का? लोक धीट ल्यूथर लक्षात ठेवतात. मला पहिल्या दिवसाचा ल्यूथर आवडतो. त्यानं विचार करायला वेळ मागितला. एक दिवस मिळाला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला की शास्त्राच्या साक्षीनं किंवा उघड युक्तिवादानं माझी चूक दाखवून द्या. पोप आणि परिषदा अनेकदा चुकल्यात, नुसत्या त्यांच्या शब्दावर मी विसंबणार नाही. माझी सद्‌सद्‌विवेकबुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली आहे. चूक दाखवा, मी ऐकतो. या मागणीत मला उद्धटपणा दिसत नाही.

कॅथलिक नातेवाइकांत मी नेहमी ऐकलंय की प्रोटेस्टंट म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या मनाला येईल तो अर्थ लावायचा. हे अन्यायाचं बोलणं आहे. 'फक्त शास्त्र' म्हणणाऱ्यांनी प्राचीन मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली विधानं, टाकून दिले नाहीत, पहिल्या शतकांतल्या धर्मपित्यांना टाकलं नाही. ल्यूथरनंतरचा सुधारक कॅल्विन पानोपानी ऑगस्टिनला उद्धृत करतो. त्यांचं म्हणणं एवढंच की हे सगळे आदरणीय असले तरी वचनासमोर सगळ्यांनाच उभं राहावं लागतं, आणि न चुकणारा न्यायाधीश तेवढा एकच. बाबांचा आवडता दाखला बिरुयातल्या लोकांचा होता. प्रेषितांच्या कृत्यांत, सतराव्या अध्यायात. खुद्द प्रेषित पौल येऊन उपदेश करतो, आणि ते लोक रोज शास्त्र उघडून पाहतात की हा सांगतो ते खरं आहे का. पौलाला तपासलं म्हणून ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांना नावं ठेवत नाही, उलट मोठ्या मनाचे म्हणतो. "पौलाला तपासायची मुभा आहे," बाबा म्हणत, "मग पोपमहोदयांना का नाही?"

आईनं एकदा त्यांना विचारलं होतं, "पण बिरुयाच्या लोकांकडे कोणतं शास्त्र होतं? नवा करार तर अजून लिहून व्हायचा होता." बाबा हसले होते, पण उत्तर त्यांनी दिलं नव्हतं.

तिचा प्रश्न वाटतो त्याहून खोल जातो. बायबलात कोणती पुस्तकं असावीत याची यादी बायबलात नाही. आज आपण वाचतो ती नव्या कराराची बरोबर २७ पुस्तकांची यादी प्रथम दिसते ती अलेक्झांड्रियाच्या अथानासियसच्या ३६७ सालच्या पत्रात. म्हणजे पौलानंतर तीनशे वर्षांनी, एका बिशपच्या लेखणीतून. फक्त शास्त्र, हे मान्य. पण हे शास्त्र आहे असं सांगितलं कुणी? प्रोटेस्टंट उत्तर असं की मंडळीनं शास्त्र घडवलं नाही, ओळखलं. कॅल्विन म्हणतो, उजेड आणि अंधार, पांढरं आणि काळं यांतला फरक सांगायला तिसऱ्याची गरज नसते; वचन स्वतःच आपली साक्ष देतं, आणि आत्मा ती वाचणाऱ्याच्या मनात पक्की करतो. मला हे उत्तर भिडतं. प्रामाणिकपणे वाचणाऱ्याला कधी ना कधी तो उजेड जाणवलेला असतो. पण मक्काबींचा बारावा अध्याय वाचताना माझ्या आईचा आवाज फुटला होता. तिलाही उजेडच दिसला होता. तिथं कॅल्विन मला पुरा पडत नाही.

आणि मारबुर्ग. ऑक्टोबर १५२९. एका बाजूला ल्यूथर, दुसऱ्या बाजूला झुरिकचा सुधारक झ्विंग्ली. दोघंही रोमपासून तुटलेले, दोघंही फक्त शास्त्र मानणारे, दोघांच्याही समोर तोच मजकूर. प्रश्न प्रभुभोजनाचा: शेवटच्या भोजनात भाकरी देताना येशू जे बोलला त्याचा अर्थ काय. बोलणं सुरू होण्याआधी ल्यूथरनं खडू घेतला आणि टेबलावर लॅटिनमध्ये लिहिलं: हे माझं शरीर आहे. वरून मखमली कापड ओढलं. वाद पेटला तेव्हा त्यानं ते कापड बाजूला केलं आणि अक्षरांकडे बोट दाखवलं. 'आहे' म्हणजे आहे. झ्विंग्ली म्हणत होता, इथं 'आहे' म्हणजे 'दर्शवतं'. येशूनं मी द्राक्षवेल आहे असंही म्हटलंय. १५ मुद्द्यांपैकी १४ वर दोघांचं जुळलं. पंधराव्याच्या एका भागावर नाही, आणि ल्यूथरनं झ्विंग्लीला बंधू म्हणून हात दिला नाही. मला सारखं ते टेबल दिसतं. खडूची अक्षरं स्पष्ट आहेत, दोघांनाही वाचता येतायत, दोघांचाही जीव त्यांच्यात अडकलाय, आणि तिसरा कुणी नाही ज्याचं दोघं ऐकतील.

याच्याही आधी झुरिकमध्ये झ्विंग्लीच्या हाताखाली शास्त्र वाचायला शिकलेल्या तरुणांना त्या शास्त्रात तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा सापडला नव्हता. ते तसं बोलले, तसं वागले. त्यांतल्या फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ रोजी लिमाट नदीत बुडवून मारलं. शहराच्या सभेनं, झ्विंग्ली तिथं धर्मगुरू असताना.

आई-बाबांचं एक बोलणं माझ्या कायम लक्षात राहिलंय. आईनं द्वितीय व्हॅटिकन परिषदेचा दस्तऐवज वाचायला घेतला होता, देवाच्या प्रकटीकरणाविषयीचा, १८ नोव्हेंबर १९६५ ला संमत झालेला. शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी झऱ्यातून वाहतात, असं त्यात आहे. पुढे असंही आहे की ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो वचनाची सेवा करतो. तिनं ते वाक्य बाबांना आनंदानं वाचून दाखवलं. तिला वाटलं, आता भांडण संपलं.

बाबा म्हणाले, "फार सुंदर लिहिलंय. पण सेवक चुकला तर त्याला सांगायचं कुणी?"

आई क्षणभर थांबली. "आणि वाचणारा चुकला तर?"

मला वाटतं पाचशे वर्षांच्या वादाचा गाभा या दोन प्रश्नांत आहे, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर घाबरत होती. बाबांना भीती होती जिला कुणी दुरुस्त करू शकत नाही अशा ख्रिस्तसभेची. हुसला जाळणारी परिषद त्यांच्या डोळ्यांपुढे होती, आणि मरीयेच्या स्वर्गोन्नयनाचा, म्हणजे तिला देहासह स्वर्गात घेतलं गेलं असा, १९५० चा सिद्धान्त शास्त्रात थेट कुठं सापडत नाही हेही. आईला भीती होती ज्याला कुणी दुरुस्त करू शकत नाही अशा वाचकाची. ती नेहमी इथिओपियाच्या त्या दरबाऱ्याची गोष्ट सांगे. रथात बसून तो यशया वाचतोय, फिलिप्प विचारतो, समजतंय का? तो म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजेल?

पुष्कळांना वाटतं की त्रेंतच्या परिषदेनं शास्त्राच्या शेजारी परंपरेचं दुसरं कोठार उभं केलं. मसुद्यात खरंच तसं होतं: सत्य काही अंशी लिखित पुस्तकांत आणि काही अंशी अलिखित परंपरांत. अंतिम मजकुरातून 'काही अंशी' हे शब्द गेले आणि साधा 'आणि' राहिला. त्या एका 'आणि'मुळे पुढच्या कॅथलिक विचारवंतांना असं म्हणायची जागा मिळाली की तारणासाठी लागणारं सगळं शास्त्रात आहेच, परंपरा म्हणजे ते वाचायची रीत. त्याच परिषदेत कियोज्जाचा बिशप नाक्यांती यानं शास्त्र आणि परंपरा यांना समान भक्तिभावानं स्वीकारायच्या कल्पनेला कडाडून विरोध केला होता. म्हणजे बाबांचा प्रश्न त्रेंतच्या आतही कुणीतरी विचारत होतं.

परंपरा या शब्दाचं तर आणखीच आहे. ग्रीक शब्द 'पॅराडोसिस', म्हणजे हाती सोपवलेलं. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला, सुनावतो की तुम्ही माणसांची परंपरा धरून देवाची आज्ञा सोडता. तिथं हाच शब्द. थेस्सलनीकाकरांना दुसऱ्या पत्रात पौल लिहितो की तोंडी किंवा पत्रानं जे तुमच्या हाती सोपवलं ते घट्ट धरून राहा. तिथंही हाच शब्द. काही इंग्रजी प्रोटेस्टंट भाषांतरांत पहिल्या ठिकाणी 'परंपरा' दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी 'शिकवण'. भाषांतर करणाऱ्यांनी काही लपवलं असं मी म्हणत नाही. त्यांनाही कुणीतरी वाचायला शिकवलं होतं, एवढंच.

मिस्सा झाली. काका आले. मागच्या बाकावर बसले. शुभवर्तमानाच्या वाचनाला उभे राहिले आणि बाबांच्या नावानं प्रार्थना झाली तेव्हा गप्प राहिले, त्यांचं आमेन ऐकू आलं नाही. आईनं ते पाहिलं होतं. घरी परतताना ती म्हणाली, "आले ना पण."

महिन्याभरानं मी बाबांचं बायबल उघडलं. ६६ पुस्तकांचं, कडा मऊ झालेलं, पाठीला चिकटपट्टी. फक्त वचन मानणाऱ्या माझ्या वडिलांच्या त्या बायबलाचे समास माणसांनी भरलेले होते. रोमकरांच्या पत्रात आठव्या अध्यायाशेजारी 'पाळकसाहेब, नाताळानंतरचा रविवार'. स्तोत्र १२१ शेजारी 'आई म्हणत असे'. याकोबाच्या पत्रात, कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे या वचनाशी, माझ्या आईचं नाव. तेवढंच, नाव. तीमथ्याला दुसऱ्या पत्रात तिसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन, प्रत्येक परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख उपयोगी आहे, हे दोनदा अधोरेखित.

त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात, दोन पानं आधी, अनेसिफरविषयी आहे. तुरुंगातल्या पौलाला शोधत रोमला आलेला माणूस. पौल आधी त्याच्या घरच्यांवर दया व्हावी म्हणतो, मग त्याच्याविषयी म्हणतो की त्या दिवशी प्रभूकडून त्याला दया मिळो. पत्राच्या शेवटी सलाम सांगताना पुन्हा फक्त घरच्यांचाच उल्लेख आहे. अनेसिफर तेव्हा हयात नव्हता आणि ही मेलेल्यासाठी केलेली प्रार्थना आहे, असं मानणारे अभ्यासक आहेत. तो नुसता घरापासून दूर होता, असं मानणारेही आहेत.

त्या अठराव्या वचनाशेजारी बाबांनी पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलंय. लहानसं, फिकट. तारीख नाही, नाव नाही.

मी ते आईला दाखवलं. तिनं चष्मा लावला, बोट ठेवलं. "बघ," ती म्हणाली, "त्यांनाही वाटत होतं."

काकांना दाखवलं. त्यांनी पान उजेडाकडे धरून खूप वेळ पाहिलं. "प्रश्नचिन्ह आहे," ते म्हणाले. "पटलं असतं तर खाली रेघ ओढली असती."